सशांसाठी अंगणात जाळी बांधताय? आधी ऊन बघा, मग कुत्री

जळगाव/धुळे : मुलांच्या हट्टापायी खेड्यापाड्यांतही आता घरोघरी पांढरे, करडे ससे दिसू लागले आहेत. बाजारातून जोडी आणली की सोबत छोटा तारेचा पिंजरा येतो. त्यात ससा जगतो, पण त्याला पळता येत नाही, मागच्या पायांवर उभं राहता येत नाही. सतत तारेवर बसून तळपायाला जखमा होतात. म्हणून बरेच जण अंगणात किंवा खळ्यात जाळीचा वाडा करून ससे मोकळे सोडतात. विचार चांगला आहे, पण आपल्या भागात या वाड्याला दोन मोठे धोके असतात: दिवसा ऊन आणि रात्री कुत्री. दोन्ही टाळता येतात. त्यासाठी वाडा बांधण्याआधी काय पाहायचं, ते इथे दिलं आहे.

रानातला ससा पाळू नका

गव्हाची कापणी किंवा उसाची तोड सुरू असताना सशाची पिल्लं सापडतात आणि मुलं ती घरी आणतात. रानससा हा वन्यप्राणी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार त्याला पकडणं किंवा पाळणं गुन्हा आहे. पिल्लू एकटं दिसलं म्हणजे आई सोडून गेली, असंही नसतं. रानसशाची मादी पिल्लांना गवतात लपवून दूर राहते आणि दूध पाजायला दिवसातून फार थोडा वेळ येते. पिल्लू होतं तिथेच राहू द्यावं.

पाळीव ससा मूळचा युरोपातल्या जातीचा. रानससा बीळ करत नाही, पाळीव ससा मात्र जमीन उकरून बिळात राहणारा आहे. हा फरक लक्षात ठेवा, कारण जाळी जमिनीत कशी बसवायची ते यावरून ठरतं.

जागा : सावली पहिली

सशाला साधारण १५ ते २५ अंश तापमान मानवतं. ३० च्या वर त्याला त्रास सुरू होतो, ३५ च्या वर जिवाला धोका असतो. आपल्याकडे मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४-४५ पर्यंत जातो. सशाला माणसासारखा घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. बाहेरची हवाच तापलेली असली की तो उपायही चालत नाही.

म्हणून वाडा कडुनिंब, चिंच अशा दाट झाडाखाली किंवा घराच्या पूर्वेला घ्या, म्हणजे दुपारनंतरची सावली मिळते. झाडाची सावली दिवसभर सरकते. एकदा सकाळी ९, दुपारी १ आणि ४ वाजता जागेवर जाऊन ती कुठे पडते ते बघा. पत्र्याखाली ससे ठेवू नका. पत्रा तापला की खाली भट्टी होते. पत्राच असेल तर वर कडबा किंवा पाचट अंथरून पाणी मारा. भाजीपाल्याच्या रोपवाटिकेतलं शेडनेट वरून लावलं तरी फरक पडतो, मात्र ते जाळीला चिकटवू नका. मध्ये हातभर जागा सोडली की हवा खेळती राहते.

वाडा कपाशीच्या किंवा केळीच्या बांधाला लागून नको. फवारणीचं औषध वाऱ्याने उडून गवतावर बसतं आणि ससा तेच गवत खातो.

जाळी : कोंबड्यांची नको

षटकोनी घराची पातळ कोंबडीजाळी स्वस्त मिळते, पण कुत्रं ती दातांनी ओढून फाडतं आणि ससा आतून कुरतडतो. वेल्डमेश जाळी घ्या. तार १६ गेज किंवा त्याहून जाड असावी. गेजचा आकडा जितका कमी, तितकी तार जाड. १४ गेज मिळाली तर उत्तम.

घराचा आकार वर १ इंच चालतो. खालच्या २ फुटांत मात्र अर्ध्या इंचाचीच जाळी लावा. मोठ्या घरांतून उंदीर शिरतात आणि उंदरांमागे साप येतात. सशाची लहान पिल्लं साप सहज गिळतो. सांडलेलं खाद्य रोज संध्याकाळी उचललं तर उंदरांची वर्दळही कमी राहते.

सांगाडा लोखंडी अँगलचा किंवा जुन्या पलंगाचा चालतो. प्लास्टिक पाइप, ठिबकची नळी सशाच्या दातांपुढे टिकत नाही. त्याचे दात आयुष्यभर वाढतात, त्यामुळे तो काही ना काही कुरतडतच असतो.

जमीन : आतून ससा उकरतो, बाहेरून कुत्रं

जाळी नुसती जमिनीवर टेकवली तर एका रात्रीत खालून वाट होते. दोन उपाय आहेत. एक, जाळी दीड फूट खोल गाडायची. दुसरा सोपा : जाळीचा खालचा दीड फूट भाग बाहेरच्या बाजूला वाकवून जमिनीवर पसरायचा, वर दगड आणि माती टाकायची. कुत्रं कुंपणाच्या मुळाशी उकरायला लागतं, तिथे नखाखाली जाळीच लागते. ससा आतूनही उकरत असल्याने आठवड्यातून एकदा आतला कडेकडेचा भाग पायाने चाचपून बघा.

काळ्या जमिनीची अडचण वेगळी. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, त्यांत विंचू-साप बसतात. पावसात तीच जमीन फुगते आणि खांब कलतात. अशा ठिकाणी आधी मुरूम टाकून, चोपून जागा ९ इंच ते १ फूट उंच करून घ्या. पाणी साचणार नाही आणि ओलीमुळे येणारी हगवणही कमी होईल.

छप्पर आणि दार

वरून जाळी हवीच. मांजर कुंपण चढून येतं, घार-कावळा पिल्लू उचलतो. दाराला नुसता आकडा नको. कडी आणि खिळीचा अडसर अशा दोन गोष्टी ठेवा. दार आत उघडणारं असलं तर बाहेरून ढकलल्यावर कुत्र्यालाही उघडतं, म्हणून ते बाहेर उघडणारं करा.

कुत्रं आत शिरलं नाही तरी धोका असतो. जाळीला पंजे मारत, भुंकत फेऱ्या घातल्या तर ससा भेदरून भिंतीवर आपटतो, कधी नुसत्या भीतीनेही मरतो. खालचे २ फूट बाहेरून तट्ट्या किंवा गोणपाट बांधून आडोसा करा, पण एक बाजू हवेसाठी मोकळी ठेवा. आत लपायला लाकडी खोकं किंवा आडवं मडकं हवं. ससे दोन असतील तर लपायच्या जागाही दोन हव्यात.

किती मोठा?

ब्रिटनमधली सशांच्या कल्याणासाठी काम करणारी संस्था दोन सशांसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच जागा सांगते. म्हणजे आपल्या हिशेबाने अंदाजे १० बाय साडेसहा फूट, उंची सव्वातीन फूट. नर आणि मादी वेगळे ठेवण्यासाठी मध्ये जाळीची आडभिंत लागते. सशाची मादी साधारण ३१ दिवसांत विते आणि लगेच पुन्हा गाभण राहू शकते. आडभिंत नसेल तर वर्षभरात वाडा कमी पडेल.

आत किंवा जवळ कण्हेर, रुई, धोत्रा, घाणेरी, एरंड आणि गाजरगवत उगवू देऊ नका.

वाडा फिरायला, राहायला नाही

आपल्या हवामानात सशांना २४ तास वाड्यात ठेवू नये. एप्रिल ते जूनमध्ये सकाळी उजाडल्यापासून ८-९ वाजेपर्यंत सोडा, नंतर घरातल्या गार, मातीच्या किंवा जाड भिंतीच्या खोलीत घ्या. नुसत्या कूलरवर भिस्त ठेवू नका, लाईट गेली की तो बंद पडतो. पाणी मातीच्या परळात, सावलीत, दोन ठिकाणी ठेवा. बर्फ केलेली प्लास्टिकची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली तर ससे तिला टेकून बसतात.

पावसाळ्यात ओलं, घाण बूड असलेल्या सशावर माशा बसून किडे पडतात, म्हणून रोज उचलून मागचा भाग बघा. थंडीत धुळ्याचा पारा १० अंशांखाली जातो. थंडी ससा सोसतो, वारा आणि ओल सोसत नाही.

रात्री ससे आतच घ्या. सातपुड्याच्या पायथ्याला चोपडा, यावल, रावेर, शिरपूर आणि चाळीसगावच्या डोंगरपट्ट्यात बिबट्याचा वावर असतो. कुठलीही घरगुती जाळी त्याला थांबवत नाही. उन्हाळ्यात माणसं, लेकरं अंगणात झोपतात. तिथेच रात्री ससे ठेवणं म्हणजे बिबट्याला घरापर्यंत बोलावणं. बिबट्या दिसल्यास वन विभागाच्या १९२६ क्रमांकावर कळवा.

ऊन लागलं तर

ससा आडवा पडून भराभर श्वास घेतो, तोंड उघडं ठेवतो, कान लाल आणि गरम लागतात, तर ते ऊन लागल्याचं लक्षण. लगेच सावलीत न्या. साध्या गार पाण्यात फडकं भिजवून कान पुसत राहा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, धक्क्याने दगावतो. तोंडात जबरदस्तीने पाणी ओतू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या किंवा १९६२ या टोल फ्री क्रमांकावर विचारा.

जाळीचा खर्च जास्त वाटत असेल तर आकार आणि सशांची संख्या कमी ठेवा, तारेच्या जाडीत काटकसर करू नका. आणि दुपारच्या सावलीची सोय होत नसेल, तर उन्हाळाभर ससे घरातच ठेवून वाडा पाऊस पडल्यावर बांधलेला बरा.