काढा, फांट आणि गवती चहा

चहाच्या झाडाचे एकही पान न घालता केलेल्या पेयालाही 'चहा' म्हणण्याची रीत मराठीत रूढ झालेली आहे आणि परसात, विहिरीच्या किंवा मोरीच्या पाण्यावर वाढणारा गवती चहा हे तिचे सर्वांत घरगुती उदाहरण आहे. ही वनस्पती रोशा गवताच्या कुळातील. चहाशी तिचे नाते केवळ नावाचे. हे नाव चहाचा परिचय होण्यापूर्वी पडणे शक्य नसल्यामुळे, पाल्यामुळ्या पाण्यात उकळून पिण्याची जुनी सवय नव्या पेयाच्या नावाखाली कशी आली, हा प्रश्न त्या एका शब्दातच दडलेला आहे.

या सवयीचे शास्त्र आयुर्वेदात 'पंचविध कषायकल्पना' या नावाने येते. वनस्पतीतील गुण पोटात घेण्याजोगा करण्याच्या या पाच रीती चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सांगितल्या आहेत: ओल्या वनस्पतीचा पिळून काढलेला रस तो स्वरस, वाटून केलेला गोळा तो कल्क, उकळून आटवलेला तो क्वाथ किंवा शृत, रात्रभर थंड पाण्यात भिजवून सकाळी गाळलेला तो हिम, आणि कढत पाण्यात टाकून थोड्या वेळाने कुस्करून गाळलेला तो फांट. शार्ङ्गधरसंहितेत यांची मापेही दिली आहेत. तेथील क्वाथाच्या रीतीप्रमाणे एक पल, म्हणजे 4 तोळे, भरड कुटलेले औषध 16 पट पाण्यात मातीच्या भांड्यात घालून पाणी एक-अष्टमांश उरेपर्यंत आटवायचे असते. म्हणजे 64 तोळे पाण्यातून हाती 8 तोळे काढा येतो. हिमासाठी मात्र सहापट पाणी पुरते, कारण तेथे आटवणे नसते.

मराठीतील 'काढा' हा शब्द 'काढणे' या क्रियापदावरून आला असावा असे वाटते. परंतु तो संस्कृत 'क्वाथ' या शब्दाचेच प्राकृतातून आलेले रूप असून कढ, कढत आणि कढी ही त्याची भावंडे आहेत. भाषेने क्वाथाला असे घरचे नाव दिले, 'फांट' मात्र वैद्यांच्या पोथीतच राहिला. परिणामी कोणतेही औषधी पाणी म्हणजे काढा, आणि काढा म्हणजे उकळलेला, अशी समजूत घट्ट झाली.

काढा नेहमीच कडू औषध असे, असे मात्र नाही. चरकसंहितेच्या ज्वरचिकित्सेत येणारे षडंगपानीय हे तापात तहान भागवण्यासाठी द्यायचे पाणी असून नागरमोथा, पित्तपापडा, वाळा, चंदन, सुगंधी वाळा आणि सुंठ अशी सहा द्रव्ये त्यात पडतात व ते उकळून गार करून दिले जाते. औषध आणि पेय यांच्या सीमेवर उभे असलेले हे मिश्रण आजच्या 'हर्बल टी'च्या सर्वांत जवळ जाते. गोवा आणि कोकण किनाऱ्यावरील सारस्वत घरांतला 'कषाय' त्याच सीमेवरचा आहे: धने, जिरे, बडीशेप, मिरी, सुंठ यांची भाजून केलेली पूड डब्यात भरून ठेवायची आणि लागेल तेव्हा गूळ व दूध घालून उकळायची, अशी ही रीत आहे. त्यातील द्रव्ये ठरलेली असली, तरी प्रमाण घरोघरी निराळे असते.

खुद्द चहासुद्धा पश्चिम किनाऱ्यावर आला तो याच सीमेवरून. 1638 मध्ये सुरतेस आलेला जर्मन प्रवासी मांडेल्सलो याने लिहिले आहे, की तेथील देशी लोक, डच आणि इंग्रज हे सारेच पोट साफ ठेवणारे औषध म्हणून चहा घेत. 1689 मध्ये सुरतेस असलेला इंग्रज धर्मोपदेशक ओव्हिंग्टन याने तर उष्ण मसाले घालून उकळलेला चहा डोकेदुखी व पोटातील मुरड्यावर घेतला जात असल्याची नोंद केली आहे. मसाल्याचा चहा ही अलीकडची युक्ती नसून, परक्या पानाला काढ्याच्या पंक्तीत बसवण्याचा तो जुना प्रकार होता, असे यावरून दिसते.

पुढे दोन शतकांनी चित्र पालटले. 1890 च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक, रानडे आदींवर जे ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले, त्यात आक्षेप पेयाला नव्हता, तर ते कोणाच्या हातचे घेतले याला होता. 1903 च्या कायद्याने चहाच्या निर्यातीवर बसवलेल्या उपकरातून प्रचाराला पैसा मिळू लागला आणि 1930 नंतरच्या मंदीत न खपलेल्या मालासाठी हा प्रचार देशातल्याच गिऱ्हाइकांकडे जोराने वळला. प्रचारकांची शिकवण अशी, की उकळते पाणी पानांवर ओतावे आणि चहा झाकून मुरू द्यावा. म्हणजे शास्त्राच्या भाषेत, फांट करावा. मराठी स्वयंपाकघराने चहा स्वीकारला, पण पान, दूध, साखर आणि आले एकत्र उकळून त्याचा काढाच केला.

हा विरोधाभास 2020 च्या साथीत पुन्हा प्रकट झाला. आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या 'आयुष क्वाथ' या मिश्रणात तुळस 4 भाग, दालचिनी 2, सुंठ 2 आणि मिरी 1 भाग असे प्रमाण होते. मात्र ते उकळलेल्या पाण्यात मिसळून चहासारखे घ्यावयाचे असल्यामुळे नावाने क्वाथ असलेले हे पेय कृतीने फांट ठरते. घरोघरी तीच द्रव्ये पातेल्यात पुष्कळ वेळ आटवली गेली, हे काढ्याच्या जुन्या सवयीला धरूनच झाले.

दोन्ही रीतींमागे द्रव्याचा स्वभाव आहे. सुंठ, दालचिनी, नागरमोथा ही कठीण द्रव्ये आच लागल्याशिवाय सुटत नाहीत. उलट तुळस आणि गवती चहा यांचा गंध उडनशील तेलात असल्यामुळे तो फार उकळल्यास वाफेबरोबर निघून जातो. जाणत्या हातांना हा भेद शब्दांवाचून ठाऊक असतो. ठेचलेले आले किंवा सुंठ पाण्यात आधी पडते, पाण्याला रंग आला की गवती चहाची पात गाठ मारून त्यात सोडली जाते, आणि लगेच आच बंद करून वर झाकण ठेवले जाते. एकाच पातेल्यात आधी क्वाथ आणि मग फांट होतो. नाव मात्र त्याला चहाचे मिळते.