मानमोडी : कोंबडीच्या मानेवरून ओळखला गेलेला रोग

पुणे-सातारा महामार्गालगतच्या शिवऱ्यापासून राजगड-तोरण्याच्या पायथ्यापर्यंत, भोर-वेल्ह्याच्या गावांत परसातील कोंबडी ही घरच्या बाईची हक्काची मिळकत. तिन्हीसांजेला कोंबड्या डालताना एकेकीवरून हात फिरतो, आणि तोच तपासणीचा क्षण असतो. त्या वेळी गळ्याखालची दाण्याची पिशवी भरलेली हवी. ती रिकामी लागली, तर पक्षी दिवसभर चरलेला नाही. छातीचे हाड सुरीच्या धारेसारखे हाताला लागले, तर तो बरेच दिवस खंगत आहे. तुरा फिका किंवा निळसर, पिसे फुललेली, शेपटीखाली हिरवट घाण; एवढे दिसले की कोंबडी वेगळी ठेवायची.

ही विद्या कोणत्याही पोथीत नव्हती. सासूकडून सुनेकडे आली. तिची नोंद मात्र भाषेत राहिली. मान पिळवटून वाकडी होते, म्हणून रोगाचे नाव 'मानमोडी'. लक्षणच नाव झाले. विशेष म्हणजे 1918 साली माणसांत आलेल्या इन्फ्लुएंझाच्या साथीलाही महाराष्ट्रात मानमोडीच म्हणत. हा योगायोग पुढे फार बोचरा ठरला.

प्रयोगशाळेचा इतिहासही पुण्यातच सुरू होतो. 9 डिसेंबर 1889 रोजी येथे 'इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी' स्थापन झाली. जनावरांच्या सांसर्गिक रोगांचे जंतू भरवस्तीत हाताळणे धोक्याचे, म्हणून 1893 साली ती कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली गेली. आजच्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचा हा उगम.

1926 साली जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसलजवळ कोंबड्या झपाट्याने मरू लागल्या. प्रथम संशय गेला तो 'फाउल प्लेग'वर. या रोगाचे वर्णन इटलीत पेरोन्चितो यांनी 1878 सालीच केले होते. लक्षणे जवळपास तीच. मग डॉयल या इंग्रज संशोधकाने एका रोगातून वाचलेल्या कोंबड्यांना दुसऱ्याची बाधा करून पाहिली. एकाची प्रतिकारशक्ती दुसऱ्याविरुद्ध चालेना; म्हणजे रोग दोन होते. पुढच्याच वर्षी मुक्तेश्वरपासून फार दूर नसलेल्या रानीखेतला साथ आली आणि एडवर्ड्स यांनी तिला दिलेले 'रानीखेत' हे नाव भारतात रूढ झाले. खेड्यातली मानमोडी ती हीच.

1940 च्या दशकात मुक्तेश्वरलाच हा विषाणू अंड्यांतून पुनःपुन्हा वाढवून सौम्य केला गेला आणि त्यातून लस निघाली. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात आणि सुमारे आठव्या आठवड्यात सौम्य केलेल्या विषाणूची लस टोचून, हा क्रम आजही चालतो. रोग जडल्यावर औषध नाही. म्हणून आजारी कोंबडी बाजारात काढायची किंवा कापून खायची, ही जुनी सवय साथ गावोगाव नेत असे. गरिबाच्या हिशेबात ती समजण्यासारखी होती, एवढे म्हणायला हवे.

दरम्यान, 1955 साली जर्मनीत शेफर यांनी दाखवले की फाउल प्लेगचा विषाणू म्हणजे इन्फ्लुएंझाचाच एक प्रकार आहे. म्हणजे मराठीने एकाच नावाखाली ठेवलेल्या माणसाच्या आणि कोंबडीच्या साथींपैकी पहिलीचे कूळ फाउल प्लेगशी जुळत होते, दुसरीचे नव्हते. आणि नेमक्या याच दोघांची गल्लत कोंबडीच्या अंगावर होत होती.

2006 साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला तीच गल्लत पुन्हा झाली. पोल्ट्रीत कोंबड्या मरू लागल्या, तेव्हा सुरुवातीचा अंदाज रानीखेतचाच होता. अंदाज अडाणीपणाचा नव्हता. अनुभवी माणसानेही तेच म्हटले असते. सुजलेले डोके, निळा तुरा, धाप, हगवण ही लक्षणे दोन्हीकडे दिसू शकतात. शवविच्छेदनात जठराच्या अस्तरावर दिसणारे रक्ताचे ठिपकेही दोन्हीकडे आढळतात. भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेतून नमुन्यांचा निकाल आला आणि 18 फेब्रुवारी रोजी जाहीर झाले: एच5एन1. भारतातील कोंबड्यांमधला बर्ड फ्लूचा हा पहिला नोंदलेला उद्रेक. लाखो कोंबड्या मारून पुरल्या गेल्या. ज्यांच्या खुराड्यात चार-सहाच पक्षी होते, त्यांचेही गेले.

तेव्हापासून पशुवैद्यकांच्या सूचनेत एक वाक्य ठळक झाले. एकटी कोंबडी मलूल दिसली तर जरूर तपासा. पण एकाएकी अनेक मरू लागल्या, तर उघड्या हाताने उचलू नका, कापून पाहू तर नकाच, आधी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.