नकाशावरची रेघ

इ. स. १४९३ च्या मार्च महिन्यात कोलंबस अटलांटिक महासागरापलीकडून परतला आणि नव्या भूमीवरून स्पेन व पोर्तुगाल या दोन कॅथलिक राजसत्तांत वाद उभा राहिला. मे महिन्यात पोप सहावे अलेक्झांडर यांनी आज्ञापत्र काढले. अझोर्स व केप व्हर्द बेटांच्या पश्चिमेस शंभर लीगांवर एक रेषा कल्पून तिच्या पलीकडील प्रदेश त्यांनी स्पेनला बहाल केला. पोर्तुगालचे समाधान झाले नाही. अखेर ७ जून १४९४ रोजी स्पेनमधील तोर्देसिलास या गावी उभय राजांनी करार केला. रेषा केप व्हर्दपासून ३७० लीगांवर सरकली. पश्चिम स्पेनची, पूर्व पोर्तुगालची.

ही रेषा नेमकी कोठून जाते हे ठरविण्यासाठी रेखांश मोजावे लागतात आणि समुद्रावर ते मोजण्याचे खात्रीचे साधन त्या काळी नव्हते. त्यामुळे पृथ्वीच्या दुसऱ्या अंगास, मसाल्याच्या मोलुक्का बेटांवर दोघांनीही हक्क सांगितला. १५२९ साली सारागोसाच्या तहात पोर्तुगालने ३,५०,००० डुकाट देऊन स्पेनचा दावा विकत घेतला. विक्रीस निघालेल्या बेटांवर माणसे राहत होती, याची दखल घेण्याची गरज कोणास वाटली नाही.

या वाटणीचा आपल्या कोकणाशीही संबंध आहे. पूर्व पोर्तुगालच्या वाट्यास आली म्हणूनच नवाराचे संत फ्रान्सिस झेवियर १५४२ साली गोव्यास उतरले ते पोर्तुगीज राजाच्या आश्रयाने. त्यापूर्वी, १५३४ साली, गुजरातच्या बहादूरशाहाने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली, तेव्हाही रयतेचे मत कोणी विचारले नव्हते.

परंतु अशा कराराची खरी किंमत पाहावयाची असेल, तर दक्षिण अमेरिकेकडे वळले पाहिजे. तोर्देसिलासची रेषा ओलांडून पोर्तुगीज ब्राझीलमध्ये फार आत शिरले होते. म्हणून १३ जानेवारी १७५० रोजी माद्रिद येथे नवा तह झाला. पोर्तुगालने कोलोनिया हे नदीमुखावरील ठाणे सोडावयाचे आणि मोबदल्यात स्पेनने उरुग्वे नदीच्या पूर्वेकडील सात गावे द्यावयाची. ही येशूसंघीय धर्मगुरूंनी वसविलेली गुआरानी आदिवासींची ख्रिस्ती गावे होती. लोकांनी जंगम चीजवस्तू घेऊन नदीपार जावे. घरे, मंदिरे व जमीन मात्र पोर्तुगालची होतील, असे कलम होते.

ज्या पोर्तुगीज वसाहतींतून गुलाम पकडणाऱ्या टोळ्या त्यांच्या पूर्वजांवर चालून आल्या होत्या, त्यांनाच ही भूमी जाणार होती. गुआरानी प्रमुखांनी १७५३ साली आपल्याच भाषेत स्पॅनिश गव्हर्नरला पत्रे लिहिली. आम्ही राजाची इमाने सेवा केली, मग देवाने दिलेली ही भूमी तो आमच्या शत्रूंना कशी देतो, असा त्यांचा आशय होता. धर्मगुरूंना तर वरिष्ठांची आज्ञा होती की, लोकांना स्थलांतरास राजी करा. कोणी तसा उपदेश केला, कोणी लोकांजवळच राहिले. एका धर्मग्रामाची जबाबदारी वाहताना आम्ही स्वतःस पुष्कळदा विचारतो: त्या जागी आम्ही असतो, तर वेदीवरून काय सांगितले असते? उत्तर सोपे नाही.

१० फेब्रुवारी १७५६ रोजी कायबोआते येथे दोन्ही राजांच्या संयुक्त सैन्याने सुमारे दीड हजार गुआरानींना ठार केले. पाचच वर्षांनी, १७६१ साली, राजांनी तो तह रद्द केला. मेलेली माणसे मात्र परत आली नाहीत. सात गावांपैकी साव मिगेल येथील मंदिराचे भग्नावशेष आज ब्राझीलमध्ये उभे आहेत.

ख्रिस्तसभेचा या इतिहासातील वाटा आपण लपवू नये. पोप तिसरे पॉल यांनी १५३७ साली, आदिवासींचे स्वातंत्र्य व मालमत्ता हिरावून घेऊ नये, असे बजावले होते, हे खरे. पण १४९३ चे आज्ञापत्रही आपल्याच घरातून निघाले होते. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने, अशा आज्ञापत्रांत आदिवासींची समान प्रतिष्ठा व हक्क पुरेसे व्यक्त झाले नाहीत, हे मान्य करून ‘शोधाच्या सिद्धान्ता’चा त्याग जाहीर केला. कबुली उशिरा आली, तरी ती कबुलीच आहे. आणि कबुलीनंतर प्रायश्चित्त असते, हे आपणांस ठाऊक आहे. पुढे कोठेही नकाशावर रेघ ओढली जाईल, तेव्हा तिच्याखाली कोणाचे घर येते, हे आधी विचारणे, हेच ते प्रायश्चित्त.