पुणें दरबारचा पोशाख आणि हातमोजा

मराठ्यांच्या दरबारी पोशाखाची चर्चा करतांना पागोट्याचे पेच, अंगरख्याचे बंद, शेल्याचे काठ यांचा विचार आपले संशोधक बारकाईनें करतात. हाताचा विचार मात्र कडीं व अंगठ्या यांपाशीं संपतो. हातावर वस्त्र होतें कीं नव्हतें, हा प्रश्न प्रथमदर्शनीं क्षुल्लक वाटेल. परंतु जुन्या तसबिरी जमविणाऱ्यांस त्याचा उपयोग आहे, आणि पोथ्या बाळगणाऱ्यांस तर फारच आहे; कारण पांढरे हातमोजे चढवून पोथी उलगडण्याची एक चाल अलीकडे पडली असून ती जुनी व शास्त्रशुद्ध आहे अशी समजूत पसरत चालली आहे. शिवाय लग्नाच्या स्वागतसमारंभांत जुन्या विलायती धर्तीचे लांब हातमोजे घालण्याची हौस आमच्या शनिवार पेठेपर्यंत येऊन पोंचली आहे. तेव्हां या वस्तूची कुळकथा एकदां तपासून पाहणें बरें.

आमचें म्हणणें आरंभींच सांगून टाकतों. आपल्याकडे हातावरील आच्छादन आयुधांच्या वर्गांतलें होतें, वस्त्रांच्या वर्गांतलें नव्हतें. आणि समारंभाच्या पोशाखांत हात उघडा असे तो कांहीं उणीव म्हणून नव्हे, तर त्या समारंभाची तशी गरजच होती म्हणून.

प्रथम शब्द पाहूं. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलांतील ७५ वें सूक्त युद्धोपकरणांचें आहे. त्यांत कवच, धनुष्य, ज्या, भाता यांच्या जोडीला हस्तघ्नाची स्तुति येते. सर्पानें वेटोळें घालावें तसा तो बाहूस वेढून ज्येच्या आघातापासून राखतो, असें त्याचें वर्णन आहे. रामायणांत विश्वामित्राबरोबर निघालेल्या राजपुत्रांस आणि महाभारतांत अनेक वीरांस ‘बद्धगोधाङ्गुलित्राण’ हें विशेषण लाविलेलें आढळतें. गोधा म्हणजे घोरपड. तिच्या चिवट कातड्याचा पट्टा धनुर्धर हातास बांधीत, म्हणून पट्ट्यासहि तेंच नांव पडलें. अङ्गुलित्राण हें तर उघडच बोटांचें रक्षण. वर्गांत हा समास सोडवून दाखविला म्हणजे “म्हणजे ग्लोव्हज ना, गुरुजी?” असें कोणी तरी हटकून विचारी. उपयोगापुरतें होय, पोशाख म्हणून नव्हे, असें उत्तर मी देत असें. आणि त्यास आधार अमरकोशाचा होता. अमरसिंहानें कटक, वलय, कंकण, ऊर्मिका हे हाताचे अलंकार मनुष्यवर्गांत घातले आहेत, पण गोधा व तल हे शब्द क्षत्रियवर्गांत, शस्त्रास्त्रांच्या शेजारीं ठेविले आहेत. कोशकाराची ही वांटणी सहज झालेली नाहीं. शब्द कोणत्या घरांतला आहे हें त्यास पक्कें ठाऊक होतें.

कल्याणीच्या चालुक्यांपैकीं सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ हा राजविलासाचा तर कोशच होय. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत त्याचे पहिले दोन भाग १९२५ व १९३९ सालीं छापून निघाले, तिसरा १९६१ सालीं. त्यांत राजानें भोगावयाचे वीस उपभोग सांगितले आहेत. पायाच्या वांट्यास त्यांतील दोन आले, पादुका व पादाभ्यंग. वस्त्र, माल्य, विलेपन, तांबूल यांस स्वतंत्र प्रकरणें मिळालीं. हस्तावरण नांवाचा उपभोग मात्र त्या यादींत नाहीं. इतक्या चोखंदळ राजास जी वस्तु भोग्य वाटली नाहीं, ती त्याच्या दरबारीं पोशाख म्हणून मिरवत असेल हें संभवत नाहीं.

मराठी शब्दहि हीच साक्ष देतो. फारसींत ‘मोजा’ म्हणजे पायांत घालावयाचा बूट. आपण तो शब्द घेऊन पायाच्या विणलेल्या आवरणास लाविला, आणि पुढें विलायती वस्तु आली तेव्हां त्यामागें ‘हात’ जोडून दिला. ज्याला स्वतःचें नांव नाहीं, पायाचें नांव उसनें घ्यावें लागलें, त्याचें घराण्यांतील स्थान काय असावें हें सांगावयास नको. ‘दस्ताना’ हा शब्द दस्त म्हणजे हात यावरून झाला खरा, परंतु तोहि प्रायः चिलखताबरोबर येतो. कोपरापासून मनगटापर्यंत पोलादी बाजूबंद, आणि पुढें पंजावर कड्यांची जाळी किंवा जाड मखमल, असा त्याचा घाट असे. ससाण्याच्या शिकारींत एका हातावर चामड्याचा दस्ताना चढवीत, तोहि पक्ष्याच्या नख्यांसाठीं. कुमाऊंच्या रुद्रदेव राजानें या शिकारीवर ‘श्यैनिकशास्त्र’ हा संस्कृत ग्रंथच लिहिला असून हरप्रसाद शास्त्री यांनीं तो १९१० सालीं कलकत्त्यास प्रसिद्ध केला. खास मराठी हस्तावरण विचाराल तर तें पट्ट्याचा खोबळा. हाताचा पंजा त्यांत शिरून आंतील आडवी मूठ धरतो आणि बाहेरून पोलाद जवळजवळ कोपरापर्यंत हात झांकतें. मनगट त्यांत जखडून जातें, म्हणून पट्टा खांद्यापासून फिरवावा लागतो. असा हात जोहार करूं शकत नाहीं, विडा घेऊं शकत नाहीं, फक्त वार करूं शकतो.

आतां दरबार. बाजीरावानें शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजीं घातला व २२ जानेवारी १७३२ रोजीं वास्तुशांति केली. ज्या पेठेस पूर्वीं मुर्तुजाबाद म्हणत तिच्या कडेस हा वाडा उभा राहिला, आणि पुढें शंभर वर्षांच्या आंत मानपानाचे अगणित प्रसंग त्यानें पाहिले. मानाच्या वस्त्रांस ‘सरपाव’ म्हणतात. शब्द ‘सर’ म्हणजे डोकें आणि ‘पा’ म्हणजे पाय यांचा बनलेला आहे, म्हणजे नखशिखान्त पोशाख. प्रत्यक्ष याद्यांत मंदील, तिवट, पटका, शालजोडी, किनखाब, जामेवार असे नग येतात. हाताला यांतून काय मिळे? वस्त्र नव्हे, धातु: सोन्याचें कडें, पोंहोची, अंगठी. शौर्याबद्दल कडें बक्षीस देण्याची रीत सर्वांस ठाऊक आहे. कडें दिसावें, वाजावें, लोकांनीं पाहावें म्हणून द्यावयाचें. तें झांकून टाकणारें वस्त्र त्याच सरपावांत कसें बसेल?

याहून महत्त्वाचें कारण असें कीं दरबारांतील सर्व व्यवहार तळहाताच्या द्वारें होत. नजर करणारा तळहातावर रुमाल पसरून त्यावर मोहरा ठेवी. निरोप देतांना विडा हातांत पडे, अत्तर हाताच्या पाठीवर लागे, गुलाबपाणी शिंपडलें जाई. धर्मकृत्यांत तर तळहात हा एक नकाशाच आहे: बोटांच्या अग्रीं देवतीर्थ, अंगठ्याच्या मुळाशीं ब्रह्मतीर्थ, करंगळीच्या मुळाशीं प्रजापतितीर्थ, आणि अंगठा व तर्जनी यांमध्यें पितृतीर्थ. ज्या हातावरून पाणी कोणत्या वाटेनें सोडावयाचें याचे नियम आहेत, त्यावर कातडें चढविणें सोवळ्याच्या दृष्टीनें बोलावयासच नको. धर्मकार्यांत बोटास चालतें तें एक दर्भाचें पवित्रक. स्त्रियांच्या बाबतींत चुडा हें सौभाग्यचिन्ह. भरल्या हातावर आणखी वस्त्र कोठें घालणार?

हात लपविण्याचे प्रसंग आपल्याकडे अगदींच नव्हते असें नाहीं. जप करणारा गोमुखींत हात घालतो, तो माळेची गणना परक्याच्या दृष्टीस पडूं नये म्हणून. बाजारांत हत्त्याच्या पद्धतीनें सौदा करणारे रुमालाखालीं एकमेकांचीं बोटें दाबून भाव ठरवीत. दोन्हीं ठिकाणीं आच्छादन सैल आहे, क्षणभराचें आहे आणि गुप्ततेसाठीं आहे, शोभेसाठीं नव्हे. खरें म्हणजे विलायतेंत जें काम हातमोजा करी त्यांतील पुष्कळसें आपल्याकडे रुमालानें केलें. पेशवे दप्तराचे कागदहि रुमालांतच बांधले गेले व आजहि ‘रुमाल’ याच नांवानें ते मोजले जातात.

चित्रांचा पुरावा वापरतांना मात्र जपावें. टिपूविरुद्धच्या तहाच्या वेळीं सर चार्लस् मॅलेट सवाई माधवरावांच्या दरबारीं तो कागद सादर करीत आहे, असें जें प्रसिद्ध मोठें चित्र आहे, तें थॉमस डॅनियल यानें १८०५ सालीं विलायतेंत रंगविलें. प्रसंग १७९० सालच्या ऑगस्टांतला. डॅनियल तेथें नव्हता. ज्याच्या रेखाटनांवरून त्यानें काम केलें तो जेम्स वेल्स हिंदुस्थानांत आला तोच १७९१ सालीं, आणि १७९५ सालीं वारला. म्हणजे त्या दिवसाची प्रत्यक्ष साक्ष या चित्रांत नाहीं. परंतु वेल्सनें पुण्यास राहून माणसें व पोशाख समक्ष पाहिले होते, म्हणून दरबारच्या सामान्य रिवाजापुरतें तें चित्र विश्वसनीय धरावें. वेल्सनेंच काढलेली सवाई माधवराव व नाना फडणीस यांची तसबीर लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटींत आहे. तींत रत्नें आहेत, मोत्यें आहेत, आणि हात उघडे आहेत. यावरून संग्राहकांस एक कसोटी मिळते. पेशवेकालीन म्हणून विकावयास आलेल्या तसबिरींत समारंभाच्या वेषांतील मराठी सरदाराच्या हातावर पांढरा हातमोजा दिसला, तर किंमत विचारण्याआधीं रंग व कागद यांचें वय विचारावें. संस्थानिकांनीं विलायती लष्करी धर्तीचे गणवेश घेतले ते एकोणिसाव्या शतकांत, आणि हातमोजे त्यांच्या पाठोपाठ आले.

पुण्यांत हा शोभेचा हातमोजा आला तो पेठांत नव्हे, कँपांत, आणि तेथून गणेशखिंडीच्या लाटसाहेबांच्या वाड्यांत. १८६४ सालीं बार्टल फ्रियरच्या कारकीर्दींत काम सुरू झालेली ती इमारत आज विद्यापीठाकडे आहे. २२ जून १८९७ च्या रात्रीं राणीच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ तेथेंच झाला, व तेथून परततांना रँड व आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या काळच्या विलायती समाजांत संध्याकाळच्या मेजवानीस वा नाचास हातमोज्यांवांचून जाणें म्हणजे आपल्याकडे बोडक्यानें दरबारांत जाण्यासारखें होतें.

त्या हातमोज्यांचें शास्त्रहि लक्षांत घेण्याजोगें आहे. ग्रनोबल येथील झाविये जुव्हँ यानें १८३४ सालीं हातांचीं मापें वर्गवार लावून ठराविक आंकड्यांचे हातमोजे कापण्याची पद्धत सुरू केली. अंगठा सोडून बोटांच्या पेरांभोंवतीं जुन्या फ्रेंच इंचांत जो घेर येतो तोच हातमोज्याचा आंकडा. तो इंच सुमारें २७ मिलिमीटरांचा असल्यामुळें सात आंकड्यास सुमारें १९ सेंटिमीटर घेर लागतो. लांबीहि त्याच इंचांत, पण ‘बटनांत’ सांगत. सोळा बटनांचा म्हणजे कोपराच्या वर जाणारा, मग त्यावर बटनें तीनच कां असेनात. बाही जितकी आंखूड तितका हातमोजा लांब, हा मुख्य नियम. अंगठी आंत, कंकण हवें तर बाहेर. जेवतांना हातमोजे काढावयाचे. लांब असल्यास मनगटापाशीं जी फट ठेवलेली असते तींतून पंजा बाहेर काढून रिकामीं बोटें आंत दुमडावयाचीं. आणि राजाच्या हाताचें चुंबन घेतांना उजवा हात उघडा करावयाचा. म्हणजे मानाच्या ऐन क्षणीं त्यांसहि उघडाच हात लागे!

आज कोणास हौस असेल तर आमची हरकत नाहीं. स्वागतसमारंभास बिनबाह्यांचा विलायती झगा असेल तर वरील नियमानें लांब हातमोजे शोभतील; घेर नीट मापून घ्यावा, कारण सैल हातमोज्यासारखें हास्यास्पद दुसरें कांहीं नाहीं. पैठणी व हिरवा चुडा यांवर मात्र ते घालूं नयेत. तेथें शोभेची जागा भरलेली आहे. अक्षता, प्रसाद व वडिलधाऱ्यांस नमस्कार यांच्या वेळीं ते काढावे. स्कूटरवर उन्हासाठीं दंडापर्यंत सुती हातमोजे चढवून जाणाऱ्या आमच्या पेठेंतील मुलींचा प्रश्न निराळा आहे. त्या अमरसिंहाच्या क्षत्रियवर्गांत मोडतात. आजीच्या पेटींतून निघालेले करडाच्या कातड्याचे अस्सल जुने हातमोजे असतील तर ते हातांत घालूंच नयेत. सुकलेलें कातडें शिवणीशीं फाटतें. तें आम्लरहित कागदांत सपाट ठेवावें.

राहतां राहिली पोथी. पांढरा सुती हातमोजा घातला कीं बोटांस पानाची जाडी व कड समजत नाहीं. जीर्ण कडेंत धागे अडकून तुकडा उडतो. आणि कापड घाम व धूळ शोषून तीच पुढील पानावर पुसतें. म्हणून कागदी पोथीस साबणानें धुऊन पूर्ण कोरडा केलेला उघडा हात हाच योग्य, असें मोठ्या ग्रंथालयांतील जतनकारांचें आजचें मत आहे. छायाचित्रें व त्यांच्या कांचा यांस मात्र हातमोजा हवा. ताम्रपटासहि हवा, कारण घामांतील क्षारांनीं तांबें डागळतें. तिसरा अपवाद आपल्याच घरचा आहे. लेखनिक चुकलेल्या अक्षरावर हरताळ फांशीत, ज्यावरून तो वाक्प्रचार रूढ झाला. हरताळ म्हणजे सोमल व गंधक यांचें संयुग, विषारी. पिवळे डाग असलेलें पान उलटतांना अंगठा जिभेस लावण्याची जुनी खोड तर सोडावीच, पण तशा पोथ्यांसाठीं रबरी जातीचे पातळ, घट्ट बसणारे हातमोजे मेजावर वेगळे ठेवावे, व काम होतांच ते टाकून हात धुवावे.