हरवलेल्या गतीचा हिशेब

काचेची एक गोटी तितक्याच वजनाच्या दुसऱ्या गोटीवर नेमकी समोरून आदळली, तर पहिली जवळजवळ जागच्या जागी थांबते आणि दुसरी तिचा वेग घेऊन पुढे धावते. ओल्या मातीचे दोन सारखे गोळे मात्र सारख्याच वेगाने समोरासमोर आदळले, तर ते एकमेकांना चिकटून तेथेच थिजतात. पहिल्या प्रसंगी गती एकाकडून दुसऱ्याकडे गेली; दुसऱ्या प्रसंगी ती गेली कोठे? पोरांच्या खेळातला हा प्रश्न. पण त्याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास युरोपातील विद्वानांची दोनशे वर्षे खर्ची पडली.

प्रश्नाला तोंड फोडले ते फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्त याने. ईश्वराने विश्वात जेवढी गती घातली तेवढीच ती सदैव कायम राहते, असे त्याचे प्रतिपादन होते. त्याच्या आधारे १६४४ साली त्याने टकरीचे सात नियम प्रसिद्ध केले. लहान वस्तू कितीही वेगाने आली, तरी स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूला ती हलवू शकणार नाही, असा त्यांतील एक नियम. अनुभव याच्या उलट होता. देकार्तने गती मोजली, पण तिची दिशा जमेस धरली नाही, हे त्या नियमांतील मूळ वैगुण्य होय.

ते हेरले हॉलंडच्या ख्रिस्तिआन हायगेन्स याने. त्याची युक्ती त्याच्या कालव्यांच्या देशाला शोभेल अशीच होती. संथ चालणाऱ्या नावेत एक मनुष्य दोन सारखे गोळे सारख्या वेगाने एकमेकांवर आदळवितो. ते तितक्याच वेगाने मागे उसळतात. नावेचा वेगही गोळ्यांइतकाच असेल, तर काठावरच्या माणसाला तीच टक्कर निराळी दिसते: एक गोळा स्थिर, दुसरा दुप्पट वेगाने येणारा, आणि टकरीनंतर दोघांच्या भूमिकांची अदलाबदल. गोट्यांचे कोडे असे नुसत्या विचाराने उलगडले.

१६६८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने हा विषय चर्चेस घेतला. गणिती वॉलिस याने उसळी न घेणाऱ्या वस्तूंचे नियम दिले. वास्तुशिल्पी रेन आणि हायगेन्स यांनी उसळणाऱ्या वस्तूंचे. पुढच्या वर्षी सोसायटीच्या नियतकालिकात दोघा इंग्रजांचे निबंध आधी छापले गेले, हायगेन्सचा वगळला गेला. दुखावलेल्या हायगेन्सने आपले निष्कर्ष पॅरिसच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. या विषयावरचा त्याचा संपूर्ण ग्रंथ मात्र त्याच्या मृत्यूनंतर आठ वर्षांनी, १७०३ साली बाहेर पडला.

वस्तुमान व वेग यांचा गुणाकार दिशेसह घेतला, तर प्रत्येक टकरीत त्याची बेरीज कायम राहते. वस्तुमान व वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराची बेरीज मात्र केवळ पूर्ण स्थितिस्थापक टकरीतच टिकते. व्यवहारातील टकरी या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असतात. न्यूटनने १६८७ च्या ग्रंथात लंबकांचे प्रयोग नोंदविले आहेत: काचेचे गोळे परस्परांकडे येण्याच्या वेगाच्या सुमारे १५/१६ वेगाने दूर जातात, तर घट्ट गुंडाळलेल्या लोकरीचे सुमारे ५/९ वेगाने.

उरलेल्या भागाचे काय? जगातील गती सतत घटत चालली आहे, असे न्यूटनचे मत होते. लाइब्निट्सला ते मान्य नव्हते. मोठे नाणे मोडून सुटे पैसे घ्यावेत, तशी ही शक्ती वस्तूच्या अंतरंगातील सूक्ष्म कणांत वाटली जाते; ती नाहीशी होत नाही, असे तो म्हणे. १७२२ साली हॉलंडच्या ग्राव्हेसांडे याने पितळी गोळे मऊ मातीवर टाकून पाहिले. वेग दुप्पट झाला की मातीत पडणारा खळगा चौपट. तो स्वतः न्यूटनचा अनुयायी. तरीही त्याने लाइब्निट्सचे माप स्वीकारले. फ्रान्समधील विदुषी एमिली द्यु शातले हिने १७४० च्या आपल्या ग्रंथात याच मापाचा जोरकस पुरस्कार केला.

तरी सुटे पैसे मोजावयाचे राहिलेच होते. ते काम मँचेस्टरच्या जेम्स जूल याने केले. खाली उतरणाऱ्या वजनांनी त्याने पाण्यात वल्ह्यांचे चक्र फिरविले आणि पाणी किती तापते हे कमालीच्या काटेकोरपणे मोजले. १८५० साली त्याने आकडा दिला: एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापविणे म्हणजे ७७२ पौंड वजन एक फूट उतरविणे. उष्णता ही कणांचीच गती आहे, हे यानंतर हळूहळू सर्वमान्य झाले.

मातीचे गोळे थांबले तेव्हा त्यांची गती नाहीशी झाली नव्हती. त्यांचा आकार बदलण्यात खर्ची पडून ती शेवटी उष्णतेच्या रूपाने त्यांच्यातच मुरली होती. उसळणाऱ्या गोट्यांचा हिशेब शतकापूर्वीच चोख जुळला होता, म्हणून त्यांच्याबद्दल कोणी फारसे विचारीत नव्हते. ऊर्जेच्या अक्षय्यतेच्या नियमाकडे विज्ञानाला नेले ते जमाखर्च न जुळणाऱ्या त्या चिकट टकरीने.