मेळघाटातील लसीकरण : औषधदानाआधीचे शास्त्रदान

मुक्तागिरीच्या यात्रेस जाणाऱ्यांना परतवाडा परिचयाचे आहे. तेथून धारणीकडे निघालेला रस्ता घाट ओलांडून सिपना नदीकाठच्या सेमाडोह येथे पोहोचतो. पर्यटकांस हे गाव १९७४ साली स्थापन झालेल्या मेळघाट व्याघ्र प्रकल्पामुळे ठाऊक आहे. परिसरातील कोरकू बांधवांस ते प्राथमिक आरोग्य केंद्राचे गाव म्हणून अधिक जवळचे. या केंद्रातून डोंगरावरील माखल्यासारख्या गावांपर्यंत लस पोहोचविणे हे सोपे काम नव्हे. लस २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात राखावी लागते. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की वाट अडते. परंतु वाटेपेक्षाही अवघड ठरले ते घराचे दार.

लस आणि लोकमानस यांचा हा झगडा जुनाच आहे. १८०२ च्या जून महिन्यात मुंबईत ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या बालिकेस भारतातील पहिली देवीची लस टोचली गेली. ज्या रोगासच लोक देवी मानत होते, त्यावर सुई चालविणे अनेकांस देवीचा अपमान वाटला. पुढे पाऊणशे वर्षांनी, १८८० साली, सक्तीचा कायदा झाला. तरी भारतातून देवी हटण्यास १९७५ साल उजाडावे लागले. कायद्याने दंड पकडता येतो, मन वळविता येत नाही.

सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम देशात १९८५ साली सुरू झाला. त्यानंतरही १९९३ च्या सुमारास मेळघाटातील बालमृत्यूंच्या वार्तांनी महाराष्ट्र हादरला आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. कुपोषित बालकास गोवर झाला म्हणजे तो नुसत्या पुरळावर थांबत नाही. न्यूमोनिया व अतिसार पाठोपाठ येतात. तेव्हा लस न घेण्याची किंमत येथे इतरांपेक्षा अधिक होती. मग ती नाकारली का जात होती? 'अडाणीपणा' हे उत्तर शहरात बसून देण्यास सोयीचे आहे, पण खरे नाही. पोट फुगलेल्या अर्भकास तापल्या लोखंडाचे चटके देण्याची 'डंबा' ही प्रथा सर्वांनी ऐकली आहे. ती घातकच आहे. तथापि, ते चटके सोसू देणारी माता निष्काळजी नसते. ती ओळखीच्या भूमकावर विश्वास ठेवते. सुई टोचणारा मात्र अनोळखी. तो परक्या भाषेत दोन शब्द बोलून निघून जातो आणि रात्री धडधाकट लेकरास ताप चढतो. हा ताप बहुधा एक-दोन दिवसांचा असतो, शरीर रोगाशी लढण्याची तयारी करीत असल्याची ती खूण असते, हे तिला आधी कोणी सांगितलेलेच नसते. परिणामी दीड महिन्याचा डोस होतो, अडीच व साडेतीन महिन्यांचे राहून जातात. व्यापाऱ्यास तर हे निराळे सांगावयास नको. अनोळखी दुकानातील माल फुकट दिला तरी गिऱ्हाईक तो चार वेळा उलटून पाहते.

ही गाठ सुटू लागली ती गावातल्याच माणसांच्या हातून. १९८० च्या दशकात डॉ. रवींद्र कोल्हे बैरागड येथे येऊन राहिले, डॉ. स्मिता कोल्हे यांनी त्यांना साथ दिली. या दांपत्यास २०१९ साली पद्मश्री लाभली. धारणीजवळ उतावली येथे डॉ. आशिष सातव यांच्या 'महान' संस्थेने गावातील अल्पशिक्षित स्त्रियांनाच बालकांच्या घरगुती आरोग्यसेवेचे प्रशिक्षण दिले. २००५ नंतर शासनाच्या 'आशा' कार्यकर्त्या आल्या. त्याही त्याच गावच्या सुना-लेकी. भूमकांना शत्रू न मानता, रुग्ण केंद्रात पोहोचविणारे सहकारी म्हणून सोबत घेण्याचे प्रयत्नही झाले, हे विशेष. २०२१ साली कोरोनाची लस घेतल्याने माणूस दगावतो अशी अफवा पाड्यापाड्यांत पसरली, तेव्हा प्रशासनास कोरकू भाषेतील चित्रफितींचाच आधार घ्यावा लागला. मराठी फलकांनी जे साधले नाही, ते मायबोलीतील समजावणीने साधू लागले.

जैन परंपरेने आहार, औषध, शास्त्र व अभय अशी चार दाने सांगितली आहेत. आपल्या समाजाची आरोग्य शिबिरे बहुधा औषधदानाने सुरू होतात व तेथेच आटोपतात. मेळघाटचा अनुभव पाहता, सोबत कोरकू बोलणारी एक भगिनी असणे हे औषधांच्या खोक्याइतकेच आवश्यक ठरते.

आणखी एक बाब वऱ्हाडातील बागाईतदार व वीटभट्टीमालकांशी संबंधित आहे. दिवाळीनंतर मेळघाटातील अनेक कुटुंबे कामासाठी खाली सपाटीवर उतरतात आणि होळीला परततात. नऊ महिन्यांचे होऊन गोवराची लस घेण्याचे बालकाचे दिवस कित्येकदा याच काळात येतात. नावनोंदणी असते सेमाडोहच्या केंद्रात, बालक असते अचलपूरच्या भट्टीवर. लस कोणत्याही शासकीय केंद्रात विनामूल्य मिळते, फक्त मातेजवळचे लसीकरण कार्ड पाहून तेथवर नेणारे कोणी हवे. मजुरीचा हिशेब आठवड्यास होतो. त्याच दिवशी ते कार्डही मागून पाहता येते.