एव्हरग्लेड्सचे जुने फोटो आणि एक काँक्रीटचा खांब

आजचा एपिसोड फोटोंचा आहे. कानांनी फोटो बघायचे म्हणजे गंमतच, पण मी सांगतो, तुम्ही डोळ्यांसमोर आणा.

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्याच्या पुराभिलेखागाराने 'फ्लोरिडा मेमरी' या नावाने हजारो जुने फोटो ऑनलाइन ठेवलेत. मी तिथे एव्हरग्लेड्सचे फोटो बघायला गेलो होतो. पाणथळ गवत, खारफुटी, बगळे, अ‍ॅलिगेटर. पण शोधता शोधता अडकलो एका भलत्याच फोटोवर. त्यात पक्षी नाही, प्राणी नाही. फक्त एक काँक्रीटचा खांब आणि त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस. या खांबाकडे आपण परत येऊ. आधी बगळे.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बायकांच्या हॅटवर पिसं लावायची फॅशन जोरात होती. सगळ्यात जास्त मागणी बगळ्याच्या नाजूक पांढऱ्या तुऱ्यांना. हे तुरे येतात फक्त विणीच्या हंगामात. म्हणजे शिकारी जायचे ते घरट्यांवरच. मोठे पक्षी मारायचे, पिसं काढायची आणि निघून जायचं. पिल्लं घरट्यात उपाशी मरायची. वजनाला वजन लावलं तर ही पिसं सोन्यापेक्षा महाग विकली जात होती!

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला गाय ब्रॅडली नावाचा माणूस 1902 साली पक्षीरक्षक म्हणून नेमला गेला. आधी तो स्वतःच पिसांसाठी शिकार करायचा, त्यामुळे त्याला सगळ्या जागा माहीत होत्या. 8 जुलै 1905 ला एका शिकाऱ्याला पकडायला तो होडीतून गेला आणि गोळी लागून मेला. मारणारा ओळखीचा, शेजारचाच. पण ग्रँड ज्युरीने आरोप ठेवायलाच नकार दिला. खटला उभा राहिला नाही.

आता या व्यापाराविरुद्ध फोटोंनी काय केलं, त्यासाठी एक मिनिट ऑस्ट्रेलियात जाऊ. 1906 मध्ये आर्थर मॅटिंग्ली नावाच्या पक्षीनिरीक्षकाने तिथल्या बगळ्यांच्या एका वसाहतीचे फोटो काढले. मारून टाकलेले पक्षी आणि घरट्यात चोच उघडून वाट बघणारी पिल्लं. हे फोटो जगभर फिरले. 1911 मध्ये तर लंडनच्या रस्त्यांवर माणसं पाठी-पोटाला बोर्ड लटकवून ही चित्रं दाखवत फिरली. 'आमची पिसं गळून पडलेली असतात हो', असं व्यापारी सांगायचे. त्यावर या फोटोंनी परस्पर उत्तर दिलं. पुढे कायदे आले. अमेरिकेत 1918 चा स्थलांतरित पक्ष्यांचा कायदा, ब्रिटनमध्ये पिसांच्या आयातीवर बंदी घालणारा 1921 चा कायदा. बंदूक दिसते, मेलेला पक्षी दिसतो, म्हणून फोटो इथे कामाला आला.

पण एव्हरग्लेड्सवरचं दुसरं संकट फोटोत धरणं अवघड होतं. ते संकट पाण्याचं होतं.

एव्हरग्लेड्स दिसतं दलदलीसारखं, पण ती एक प्रचंड रुंद आणि उथळ नदी आहे. ओकीचोबी सरोवरातून पाणी दक्षिणेला समुद्राकडे इतक्या संथ सरकतं की डोळ्यांना कळतही नाही. फोटोत तर ते साचलेलंच वाटतं. नेपोलियन बोनापार्ट ब्रॉवर्ड (हो, हे खरंच नाव आहे!) 1904 ची गव्हर्नरची निवडणूक 'दलदल उपसून शेती करू' या आश्वासनावर जिंकले, आणि कालवे खणायला सुरुवात झाली.

न्यूयॉर्कच्या वनस्पती उद्यानातले जॉन कंकल स्मॉल हे शास्त्रज्ञ 1901 पासून पुन्हा पुन्हा फ्लोरिडात येत होते, कॅमेरा घेऊन. झाडांची बेटं, ताडांच्या राया, ऑर्किड. 1929 मध्ये त्यांनी पुस्तक काढलं, त्याच्या नावाचा अर्थ होतो 'नंदनवनापासून सहारापर्यंत'. जिथे त्यांनी राई बघितली होती, तिथे जळकी आणि तोडलेली जमीन उरली होती.

आता तो खांब. सरोवराच्या काठी बेल ग्लेड नावाचं गाव आहे. तिथल्या शेती संशोधन केंद्रात 1924 साली नऊ फुटी काँक्रीटचा खांब खालच्या खडकापर्यंत ठोकला. त्याचं डोकं बरोबर जमिनीच्या पातळीला. इथली काळी माती म्हणजे हजारो वर्षं पाण्याखाली साठलेला पालापाचोळा. पाण्याखाली हवा नाही, म्हणून तो कुजत नाही. पाणी काढलं की हवा लागते, माती कुजून अक्षरशः हवेत जाते. वाळली की जळतेही. आज तो खांब सहा फुटांहून जास्त उघडा पडलाय. खांब वर आला नाही, जमीन खाली गेली. दरवेळी माणूस शेजारी उभा राहतो, आणि खांब त्याच्या मानाने उंच होत जातो.

6 डिसेंबर 1947 ला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाचं उद्घाटन झालं. डोंगर-धबधब्यांसाठी नाही, तर जीवसृष्टीसाठी राखलेलं अमेरिकेतलं हे पहिलं मोठं उद्यान. त्यासाठी वीस वर्षं झगडलेले अर्नेस्ट को खट्टू होते, कारण त्यांनी मागितलेल्या हद्दीपेक्षा उद्यान खूप लहान होतं. बेल ग्लेड हद्दीबाहेर, सरोवर हद्दीबाहेर. पुढच्याच वर्षी पूरनियंत्रणाचा मोठा प्रकल्प मंजूर झाला, आणि आणखी कालवे, बंधारे, दरवाजे आले. बंदुकीपासून पक्षी वाचले, पण पाण्याचं वेळापत्रक दुसऱ्यांच्या हातात गेलं. 1930 च्या दशकाच्या तुलनेत पाणपक्षी नव्वद टक्क्यांच्या आसपास घटले.

आता पाणी परत आणायचं काम चाललंय. 2000 साली पुनरुज्जीवनाची योजना मंजूर झाली. 1928 पासून पाणी अडवून बसलेल्या टॅमियामी ट्रेल या रस्त्याचा एक मैल तुकडा 2013 मध्ये पुलावर उचलला गेला, खालून पाणी जाऊ दिलं. पण गेलेली सहा फूट माती पुलाने परत येत नाही.

म्हणून मला तो खांबाचा फोटो बगळ्यांच्या फोटोंइतकाच महत्त्वाचा वाटतो. सुंदर काहीच नाही त्यात. पण जागा तीच, खूण तीच आणि तारीख माहीत. तुमच्या गावच्या तळ्याचा जुना फोटो घरी असेल, तर आजी-आजोबांना विचारून मागे वर्ष लिहून ठेवा. आणि जमलं तर त्याच जागी उभं राहून आजचा एक काढा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!